माळ्यावरची पत्रं: महायुद्धातली टपाल पाकिटं विकताना ठेवलेल्या नोंदी

१९ एप्रिल, खेड तालुका

घर शाकारायला काढायचं म्हणून माळा रिकामा केला आणि पत्र्याची ट्रंक खाली आली. वाळवीने माळ्याच्या फळ्या खाल्ल्यात, पत्र्यापुढे तिचं काही चाललेलं नाही. आत आमच्या धाकट्या आजोबांचा, म्हणजे आजोबांच्या सख्ख्या भावाचा, १९४० ते १९४६ चा पत्रव्यवहार. शिवाय मनिऑर्डरच्या पावत्या, वाण्याची बिलं आणि एका काडेपेटीत पाकिटांचे कोपरे कातरून काढलेली सुटी तिकिटं.

घरात सगळ्यांचं मत पडलं की मौल्यवान ती काडेपेटी. माझं मत नेमकं उलटं आहे. ज्यांच्या घरात अशी ट्रंक आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

पत्रं तारेत ओवलेली आहेत. वाचून झालेलं पत्र भिंतीला टांगलेल्या लोखंडी तारेच्या आकड्यात खुपसायचं, ही जुनी पद्धत. त्यामुळे एकूण एक पाकिटाला भोक आणि भोकाभोवती तांबूस गंज. तार माजघरात चुलीच्या अंगाला होती, म्हणून वरची पाकिटं धुराने काळी आणि खालची बऱ्यापैकी स्वच्छ.

तार ओढून काढायची नाही. गंजलेली तार करवतीसारखी कागद फाडत निघते. वरचा आकडा पक्कडीने कापला, तार सरळ केली, उघडा भाग पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला आणि मग एकेक पाकीट वर सरकवत काढलं. अख्खा दिवस गेला. प्रत्येक पाकिटासोबत कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर पेन्सिलीने क्रमांक. पाकिटावर स्वतः काहीही लिहायचं नाही, पेन्सिलीनेसुद्धा नाही. क्रमांकाचा उपयोग असा की तारेतला क्रम हाच पत्रं घरी पोचल्याचा क्रम. ज्या पाकिटावरचा तारखेचा ठसा उमटलेलाच नाही, त्याचा काळ आगेमागेच्या पाकिटांवरून लागतो.

२४ एप्रिल

ढीग लावले. सुरुवातीची पत्रं बेळगावहून, मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंगची. सहाव्या जॉर्जचं डोकं असलेली साधी तिकिटं, बेळगावचा ठसा, मागे खेडचा पोच-ठसा. अक्षर धाकट्या आजोबांचं नाही, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. पुढे पुढे त्यांचं स्वतःचं अक्षर यायला लागतं, गिरवल्यासारखं मोठं.

मग १९४१ पासून तिकीटच नाही. त्या जागी हाताने लिहिलेलं ‘ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस’ (म्हणजे लढाईच्या कामगिरीवर), एफ.पी.ओ. म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल ठसा आणि बाजूला सेन्सॉरचा शिक्का. एफ.पी.ओ.च्या ठशात फक्त नंबर आणि तारीख. गावाचं नाव मुद्दाम नाही, कारण पलटण कुठे आहे हे शत्रूला कळता कामा नये. ती टपाल कचेरी पलटणींबरोबर हलत राहायची, म्हणून नुसत्या नंबरावरून जागा कळत नाही. नंबर आणि तारीख दोन्ही लागतात. कोणता नंबर कोणत्या महिन्यात कुठे होता याच्या याद्या अभ्यासकांनी तयार केल्यात आणि जुने संग्राहक त्या बाळगून असतात. चिपळूणच्या एका काकांकडे आहे. तिच्याशी ताडून बघायला आठवडे लागणार.

आमचे धाकटे आजोबा २/५ मराठामध्ये, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीत. ही पलटण ११ व्या इंडियन ब्रिगेडमध्ये होती आणि २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली. तारेत ते लख्ख दिसतं. मे १९४२ चं एक पाकीट, त्यानंतर वाण्याची दोन बिलं आणि त्यावर थेट इटलीहून आलेलं युद्धकैद्याचं कार्ड. ‘बेपत्ता’ अशी तार आली असणारच, पण ती शोधत बसू नका. अशुभाचा कागद आपल्याकडे वाचून लगेच फाडतात, तारेत ओवत नाहीत. कुठल्याही घरच्या पत्रव्यवहारात हा खड्डा असतोच.

२ मे

साफसफाई. जमेल तितकी कमी करायची, हे आधीच ठरवलं होतं.

धुराची काजळी खोडरबराने पुसली जात नाही, पसरते. बेळगावच्या एका साध्या पाकिटावर प्रयोग करून पाहिला, तिथे आता करडा ढग आहे. मऊ ब्रशने वरवरची धूळ झाडायची आणि काळेपणा राहू द्यायचा. गंजाच्या डागाला लिंबू लावा, असं सांगणारे भेटतील. लावू नका, आम्लाने कागदच जाईल. कुणीतरी मागे चिकटपट्टी लावून फाटकी पाकिटं जोडली आहेत. त्या पट्टीचा गोंद पिवळा पडून कागदात मुरलाय. ओढली तर ठसा घेऊनच निघेल, म्हणून तशीच ठेवली आणि विकताना लिहायचं ठरवलं.

स्टेशनरीच्या दुकानातला फोटोंचा अल्बम आणला होता. उन्हाळ्याच्या तापात त्याचं प्लास्टिक चिकट झालं आणि वास सुटला. पीव्हीसी होतं. त्यात पाकीट ठेवलं तर शाई प्लास्टिकवर उठते. अल्बम पोरांच्या फोटोंना दिला आणि मुंबईहून पॉलिप्रॉपिलीनचे खिसे मागवले, १,१५० रुपये. जुना फ्लॅटबेड स्कॅनर २,८०० ला घेतला. पत्र घडी घालून पाकिटात परत ठेवलेलं नाही. पत्र वेगळ्या खिशात, पाकिटाच्या मागे.

९ मे

दोन दिवस मुंबईत. फोर्टातल्या एका तिकीटवाल्याकडे काडेपेटी उघडली. त्याने चिमट्याने दोन-तीन तिकिटं उलटीपालटी केली आणि काडेपेटी बंद करून परत दिली. कातरलेली, दाते तुटलेली, मागे पाकिटाचा कागद. सहाव्या जॉर्जची कमी किमतीची तिकिटं ढिगाने छापली गेली होती, आजही शेकड्याने मिळतात. १९३७ च्या मालिकेतली टपाल वाहतुकीची चित्रं मला फार आवडतात: दोन आण्यांवर डाकवाला हरकारा, साडेतीन आण्यांवर उंट, सहा आण्यांवर आगबोट. बोटीच्या जोरावर जगलेल्या कोकणात ते सहा आण्यांचं तिकीट जपून ठेवावंसं वाटतं, ते ठीक. पण कातरलेलं असेल तर चहाच्या पैशापलीकडे काही मिळत नाही. १९४६ ची ‘व्हिक्टरी’ची चार तिकिटं (९ पै, दीड आणा, साडेतीन आणे, १२ आणे) लोक ‘महायुद्धाचं दुर्मीळ तिकीट’ म्हणून दाखवतात. ती सहज मिळतात.

हीच तिकिटं अख्ख्या पाकिटावर असती आणि सोबत सेन्सॉरची पट्टी असती तर गोष्ट वेगळी. काडेपेटी भरणाऱ्याने शाळकरी वयात नेमकं काय कापून टाकलं ते आता कुणाला कळणार नाही.

बाहेर आलो तर एकाने ‘आझाद हिंद’चं तिकीट लावलेलं, शिक्का मारलेलं पाकीट दाखवलं. भाव पाच आकडी. ही तिकिटं १९४३ मध्ये बर्लिनला छापली गेली, पण टपालात कधी वापरात आलीच नाहीत. कोरी तिकिटं खरी असू शकतात आणि ती मिळतातही. ‘टपालातून आलेलं’ म्हणून दाखवलेलं पाकीट मात्र मागाहून बनवलेलं. गावाकडच्या लोकांना नेताजींच्या नावाने हे गळ्यात मारतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

१५ मे

चिपळूणच्या काकांकडे दिवसभर. २०२१ च्या पुरात त्यांचे अर्धे अल्बम चिखलात गेले होते. ओल्या अल्बमांची पानं उलगडत न बसता त्यांनी ते पिशव्यांत घालून शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये कोंबले, म्हणून बुरशी थांबली आणि सावकाश काम करता आलं.

काडेपेटीत एक तिकीट वेगळं निघालं होतं: पाचव्या जॉर्जचं एक आण्याचं, वर ‘I.E.F.’ असे काळे छाप. १९१४ मध्ये परदेशी गेलेल्या भारतीय फौजेसाठी असे छाप मारून तिकिटं काढली होती. मेसोपोटेमियाला गेलेल्या मराठा पलटणींच्या घरी ती सापडू शकतात. काकांनी दहापटीचं भिंग लावलं आणि मला बघायला दिलं. टपालाच्या शिक्क्याची शाई कागदात मुरून फिकट, कडा विरलेल्या. छापाची शाई मात्र त्या शिक्क्याच्या रेषेवर चढून बसलेली, काठाला किंचित चकाकणारी. म्हणजे तिकीट आधी वापरलं गेलं आणि छाप नंतर पडला. खरं असतं तर क्रम उलटा दिसला असता. खोटं. काकांनी ते मागितलं, नमुना म्हणून दाखवायला. देऊन टाकलं.

युद्धकैद्यांची कार्डं बघून मात्र ते खुर्चीत सरळ बसले. इटलीच्या कार्डावर ‘Verificato per censura’ हा तिकडच्या सेन्सॉरचा शिक्का, शेजारी आपल्या बाजूचा सेन्सॉर, मग खेडचा ठसा. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं ठेवल्यावर बरेच कैदी जर्मनांच्या हाती गेले. आमचे आजोबाही त्यांतले, कारण पुढच्या कार्डांवर जर्मन छावणीचा ‘Geprüft’ (म्हणजे ‘तपासलं’) हा चौकोनी शिक्का आहे. यांपैकी एकावरही तिकीट नाही. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यांच्या टपालाला हशील नव्हतं. सगळ्या ट्रंकेत ज्याला सर्वांत जास्त भाव, त्याच्यावर तिकीटच नाही. घरी काडेपेटीवाल्या मंडळींना हे पटवायला वेळ लागला.

२१ मे

कायद्याची बाजू. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तू येतात आणि ऐतिहासिक मोल असलेली हस्तलिखितं ७५ वर्षांनंतरच येतात. परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवायला मनाई. आमची पत्रं ७५ च्या पुढे गेलेली आहेत. परदेशातून दोन चौकशा आल्या, एक चांगली दुप्पट भावाची. नाही म्हणून कळवलं. विक्री फक्त देशात.

१० जून

मृग लागला. छप्पर या वर्षी होत नाही. सुताराने वासे, रिपा आणि कौलं मिळून १ लाख ४० हजार सांगितले. निळं प्लास्टिक ओढून पावसाळा काढणार.

पाकिटांचं हवाबंद डब्यांत ठेवण्याचं काम मेमध्येच उरकलं, ते बरं झालं. तरी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा हिशेब बसला नाही. पुस्तकी सल्ला आहे की पुड्या वर्षभर चालतात. आमच्याकडे डबा दिवसातून दोनदा उघडला की चार दिवसांत निळे दाणे गुलाबी. आता दर रविवारी तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करतो आणि डबा उघडतच नाही. स्कॅन आधी झाले असतील तरच हे जमतं. कोकणात हे काम करणाऱ्याने स्कॅनिंग मेअखेर संपवावं. पावसात उघडून बसलात तर तपकिरी ठिपके डोळ्यांदेखत वाढतात.

एक फायदाही झाला. काडेपेटीत गोंद असलेली काही कोरी तिकिटंही होती, ती एकमेकांना चिकटून गठ्ठा झाली होती. ती सोडवायला बाहेरचे लोक ओल्या स्पंजचा बंद डबा करतात. मी गठ्ठा दोन रात्री पडवीत ठेवला. आपोआप सुटला.

४ जुलै

विक्री सुरू. ऑनलाइन, एकेक पाकीट. पहिल्या फेरीत जवळपास काही हललं नाही. कारण उघड होतं: मी ‘दुसऱ्या महायुद्धातलं जुनं पाकीट’ असं लिहीत होतो. घेणारा शोधतो एफ.पी.ओ. नंबर, तारीख, सेन्सॉर शिक्क्याचा आकार, पलटण. ते मथळ्यात आणल्यावर पुण्याचे आणि कोल्हापूरचे लोक विचारू लागले. आणि प्रत्येक जण पहिला प्रश्न मागच्या बाजूचा करतो. पुढून दिसतं ते सगळ्यांना दिसतं. मार्ग कळतो तो मागच्या ठशांवरून.

साधी बेळगावची पाकिटं १२० ते १५०. एफ.पी.ओ. आणि सेन्सॉर दोन्ही स्पष्ट असतील तर ३५० ते ६००. ठसा पुसट असेल तर निम्मे. एअरग्राफ एकच होता. पत्राचा फोटो मायक्रोफिल्मवर काढून फिल्म विमानाने पाठवायची आणि इकडे तळहाताएवढ्या फोटोकागदावर छापून वाटायची, असा तो प्रकार. दमटपणाने वळलेला, तरी ४०० ला गेला.

२६ जुलै

एक पाकीट परत आलं. ‘मधे भोक आहे.’ वर्णनात लिहिलेलं होतं, फोटोतही होतं, पण पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेल्या फोटोत भोक लक्षात येत नाही. जाण्यायेण्याचा खर्च माझ्या अंगावर. आता प्रत्येक पाकीट काळ्या कागदावर ठेवून स्कॅन करतो, भोक लख्ख दिसतं. गंमत अशी की तेव्हापासून एक-दोघांनी तारेची भोकं असलेलीच मागितली, कारण ती असली की माल घरातून निघालाय, बनवलेला नाही, याची थोडी खात्री वाटते.

एका कुरिअरवाल्याने पाकीट भर पावसात ग्राहकाच्या फाटकाला अडकवून ठेवलं. आत प्लास्टिक होतं म्हणून वाचलं. तेव्हापासून खिसा, मग दोन जाड पुठ्ठे, मग चारही बाजूंनी टेप मारलेली प्लास्टिकची पिशवी, मग लिफाफा, आणि स्पीड पोस्टच. पुठ्ठ्याच्या पन्हळी एकमेकींना आडव्या ठेवल्या की पाकीट दुमडत नाही. दर पाकिटामागे पोस्टासकट ७०-८० रुपये जातात. म्हणून १५० च्या खालचं एकटं विकणं परवडत नाही. त्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले.

१२ ऑगस्ट

ढिगात चार पत्रं आमची नव्हेतच. वाडीतल्याच दुसऱ्या एका शिपायाने आपल्या आईला लिहिलेली. तिला वाचून दाखवायला आमच्या घरी आणली गेली असणार आणि तारेत राहून गेली. ठसे उत्तम, सहज दोन हजारांचा माल. मजकुरात कर्जाची बोलणी आणि घरातल्या बायकांविषयी लिहिलेलं. हे विकायचं नाही, यावर दुमत नव्हतं.

पाकिटावर त्याचा नंबर होता. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत तो शोधला तर नाव, पलटण, बापाचं नाव आणि गाव सगळं जुळलं; इटलीतल्या सांग्रो नदीच्या स्मारकावर नोंद आहे. त्याच्या पुतण्याच्या घरी पत्रं नेऊन दिली, सोबत त्या नोंदीची छापील प्रत. त्यांना ‘लढाईत गेला’ एवढंच माहीत होतं. कुठल्या देशात, तेही नाही. मात्र त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या कर्जाचा. फेडलं का पुढे? ते माझ्याकडे कसं असणार!

सप्टेंबर, गौरी-गणपती

चाकरमानी आले, सगळे हिस्सेदार एका ओटीवर. आधी झालेल्या विक्रीचा हिशेब वहीतून वाचून दाखवला. वही नसती तर आरती बाजूला राहून भांडणच झालं असतं. सामाईक मालाला हात घालण्याआधी सगळ्यांची सही घ्या. मी एप्रिलमध्येच घेतली होती, आज तिचा उपयोग झाला.

प्रश्न युद्धकैदी कार्डांचा. एकेक विकली तर दर कार्डामागे दोन ते अडीच हजार, असा अंदाज मिळाला होता. मुंबईच्या पुतण्याचं म्हणणं, एकेक विका. माझं म्हणणं, तोब्रुकच्या आधीचं शेवटचं पाकीट, इटलीची कार्डं, जर्मनीची कार्डं आणि १९४५ मध्ये सुटून आल्यावर लिहिलेलं पत्र हा एकच माल आहे. एका माणसाची सगळी वाट त्यात सलग लागते. तुकडे केले की प्रत्येक तुकडा नुसता शिक्क्यापुरता उरतो आणि पुन्हा कुणालाही तो जोडता येणार नाही. वाद रात्रीपर्यंत चालला. काकू, म्हणजे धाकट्या आजोबांची सून, इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “इक बाबा, पन त्यांची अक्षरं घरात ऱ्हाऊ दे.”

निघालेला तोडगा: एकसंध विकायचं, फक्त मराठा पलटणींच्या टपालाचाच संग्रह करणाऱ्याला. शेवटचं घरचं पत्र काकूकडे, त्याचा स्कॅन मालासोबत. आणि सगळ्या स्कॅनचा संच प्रत्येक हिश्श्याला पेनड्राइव्हवर.

१९ ऑक्टोबर

पुण्याच्या संग्राहकाने घरी येऊन बघून नेलं. त्यांनी २४ हजार दिले. एकेक विकून कदाचित सहा-सात हजार जास्त आले असते. तारेतल्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या त्यांनी मुद्दाम मागून घेतल्या, वाण्याच्या बिलांसकट. कैदेच्या खड्ड्याच्या तारखा त्या बिलांवरूनच बांधता येतात. बिलांचे पैसे लावायचे मला सुचलं नव्हतं, त्यांनीच दोनशे वर ठेवले.

एकूण जमा ४१,३०० रुपये. खर्च: खिसे, डबे, स्कॅनर, मुंबईची फेरी, पोस्ट आणि परत आलेल्या मालाचं नुकसान मिळून ९,७००. हातात ३१,६००. छपराच्या १ लाख ४० हजारांत हे वासे आणि रिपांनाही पुरत नाही. उरलेले पाच हिश्श्यांनी वाटून घालायचे ठरलेत, दोघांनी दिले आहेत.

विकायची उरली ती पुसट ठशांची तीसेक पाकिटं आणि काडेपेटी. पाकिटांचे गठ्ठे दिवाळीनंतर परत लावीन, दर उतरवून. काडेपेटी गावच्या शाळेत देतोय. गुरुजींना सांगितलंय की मुलांना तिकिटं खुशाल चिकटवू द्या, पण घरच्या पाकिटाला कात्री लावायची नाही. सुताराला आगाऊ रक्कम दिली, साग आणि ऐन अर्धा-अर्धा. काम मार्चमध्ये.